शेतकऱ्याचा अंगठा आणि नवे लुटारू

शेतकऱ्याची सही हा आपल्या इकडील सावकारीच्या इतिहासांतला फार दुःखाचा विषय आहे. ज्याला अक्षर येत नसे तो कुणबी रोख्याखालीं नांगराची निशाणी करी, आणि वर काय लिहिलें आहे हें त्यास कोर्टांत उभें राहिल्यावर समजे. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला, तेव्हां लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या वह्या व रोखे यांवर होता. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला आणि शेतकऱ्यानें करून द्यावयाचा रोखा सरकारी नोंदणी-अंमलदारासमोर झाला पाहिजे असें त्यांत ठरलें. दस्त सरकारदरबारीं नोंदला म्हणजे आपण निर्धास्त झालों, ही समजूत तेव्हांपासून आपल्या मनांत घट्ट बसली आहे. आणि पुष्कळ अंशीं ती खरीहि आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ज्या चोऱ्या उघडकीस आल्या, त्यांतील कांहींची वाट नेमकी या नोंदलेल्या दस्तांतूनच गेलेली दिसते.

२०१८ सालीं तेलंगणांत एका सिम-कार्ड विक्रेत्यानें नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरील अंगठ्यांचे रबरी ठसे बनविले, आणि ज्यांस याची वार्ताहि नव्हती अशा लोकांच्या नांवें हजारों सिम-कार्डें चालू केलीं. पांच वर्षांनीं, २०२३ सालीं, कर्नाटकांत हाच प्रकार थेट पैशांवर आला. मालमत्तेचे दस्त नोंदविलेल्या लोकांच्या बँक-खात्यांतून रकमा नाहींशा होऊं लागल्या. दस्तावर आधार क्रमांक होता आणि बोटांचे ठसेहि होते; चोरास आणखी मिळवावयाचें असें फारसें उरलेंच नव्हतें.

हें कसें घडतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. बँकेचा प्रतिनिधि गांवांत लहानसें यंत्र घेऊन बसतो व अंगठा लावून पैसे देतो, ही सोय आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिला तीनच गोष्टी लागतात : बँकेचें नांव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. तेथें ओटीपी येत नाहीं, पिन कोणी विचारीत नाहीं, आणि एका वेळीं १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघूं शकते. ज्या म्हाताऱ्या बाईस पैशांसाठीं तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घालावे लागत, तिला ते दारांत मिळूं लागले, ही या सोयीची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. खातें आधारशीं जोडलें कीं ही सोय बहुतेक ठिकाणीं आपोआप सुरू होते. ती हवी कीं नको, हें खातेदारास कोणी विचारीत नाहीं. घरास नवा दरवाजा पाडावयाचा तर घरधन्यास विचारून पाडावा. जो मागेल त्याचीच ही सोय सुरू करावी व इतरांची बंद ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. आधार प्राधिकरणानें २०२३ सालीं खोटा ठसा व जिवंत बोट यांतील फरक ओळखणारी अधिक कडक तपासणी सुरू केली, हें चांगलें झालें. पण त्यामुळें न विचारतां पाडलेल्या दरवाजाचें समर्थन होत नाहीं.

तोंवर आपला दरवाजा आपणच लावावा. आधारच्या ॲपमध्यें किंवा संकेतस्थळावर बोटांच्या ठशांस कुलूप घालण्याची व्यवस्था आहे. त्यासाठीं आपला चालू मोबाइल क्रमांक आधारास जोडलेला असावा लागतो. कुलूप असतां रेशन दुकानांतील यंत्रहि अंगठा घेणार नाहीं, तेव्हां तेवढ्या वेळापुरतें तें काढावें व पुन्हां लावावें. ही कटकट आहे खरी. पण धान्याच्या कोठीचें कुलूप आपण रोजच काढतों व लावतों. आधारची प्रत कोणास देणें झाल्यास, जींत शेवटचे चारच आंकडे दिसतात अशी प्रत मिळते, ती द्यावी.

आतां फोनवर बोलणाऱ्या माणसाविषयीं. “आपला गट क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक, बोजा अमुक सोसायटीचा,” असें तो धडाधड सांगतो, आणि ऐकणारास वाटतें कीं हा खात्रीनें कचेरींतलाच असला पाहिजे. वास्तविक सातबारा कोणालाहि संकेतस्थळावर पाहतां येतो, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत कर्जाचा बोजाहि लिहिलेला असतो. आपली माहिती ठाऊक असणें हा कोणाच्याहि अधिकाराचा पुरावा नव्हे. सौर पंपासाठीं ‘कुसुम’ योजनेच्या नांवानें खोटीं संकेतस्थळें काढून नोंदणीचे पैसे उकळले गेले आहेत व केंद्र सरकारनें त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. पीएम-किसानच्या नांवाची फाइल व्हॉट्सअॅपवर येते. ती फोनांत घातली कीं आपले संदेश व ओटीपी परक्याच्या हातीं जातात, आणि तीच फाइल आपल्या नांवानें गांवच्या सर्व गटांत फिरूं लागते. म्हणून ‘ओळखीच्या माणसानें पाठविली’ ही सबब येथें उपयोगाची नाहीं. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं असतो, घेण्यासाठीं नव्हे. एवढें एक घरांतील प्रत्येकास पाठ असलें तरी पुष्कळ नुकसान टळेल.

माल विकणाऱ्यानें आणखी एक सावधगिरी घ्यावी, जिचा उच्चार फारसा होत नाहीं. अनोळखी खरेदीदारानें दिलेले पैसे मुळांत दुसऱ्या कोणाचे चोरलेले असले, तर तपासांत ते ज्या ज्या खात्यांतून गेले तीं खातीं गोठविलीं जातात, आणि निर्दोष शेतकऱ्याची रक्कमहि त्यांत अडकून पडते. अशा वेळीं काट्याची पावती, हिशेबपट्टी, गाडीचा क्रमांक व खरेदीदाराशीं झालेला पत्रव्यवहार हाच आपला साक्षीदार. बांधावरचा व्यवहार म्हणून कागद नको, ही जुनी दिलदारी आतां महाग पडते. याहून वाईट गोष्ट म्हणजे आपलीच कांहीं मुलें दोन-चार हजारांच्या लोभानें आपलें खातें व एटीएम-कार्ड परक्यास वापरावयास देतात. चोरीचा पैसा फिरतो तो अशाच खात्यांतून. मुलगा ‘मी काय केलें?’ म्हणतो, पण पोलीस येतात ते त्याच्याच दारीं.

फसल्यावर गप्प बसणें हा मात्र आमच्या मतें सर्वांत मोठा घात आहे. लोक हंसतील, मुलें बोलतील, सोसायटींत नांव जाईल, या विचारांत माणूस दोन दिवस काढतो, आणि तेवढ्यांत पैसा चार खात्यांतून पुढें निघून जातो. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन केला तर पैसा ज्या खात्यांत असेल तेथेंच तो अडविण्याची व्यवस्था बँकांकडून होऊं शकते. घटका-दोन घटकांचा उशीरहि येथें भारी पडतो. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं असें ठरविलें कीं, खातेदाराची व बँकेची चूक नसतां तिऱ्हाइतामुळें रक्कम गेली, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत खातेदारानें कळविलें, तर तोट्याचा भार त्याच्यावर पडूं नये. ठसा चोरून काढलेल्या पैशांच्या बाबतींत हा नियम फार मोलाचा आहे. ओटीपी वा पिन आपणच सांगितला असला तरीहि कळविण्यास लाजूं नये. कळविल्यानंतर होणारा तोटा त्याच नियमानें बँकेवर येतो. बँकेस दिलेल्या तक्रारीची पोंच मात्र घ्यावी.

आमची संघाच्या चालकांस सूचना आहे कीं, येत्या वार्षिक सभेच्या दिवशीं कचेरींत एक मेज मांडावें व दोन जाणत्या तरुणांस तेथें बसवावें. ज्या सभासदास ठशाचें कुलूप लावून हवें असेल, त्याच्याच फोनवर, त्याच्या डोळ्यांदेखत, तें लावून द्यावें. ओटीपी मात्र सभासदानें स्वतःच घालावा; तो त्या तरुणांसहि सांगूं नये.