माशांचें दुखणें

आमच्या घराच्या उंबरठ्याच्या आंत मासा असा पूर्वीं कधीं आलाच नव्हता. तो गेल्या वैशाखांत आला, आणि तोही जिवंत. धाकट्या नातवाच्या मुंजींत त्याच्या मामांनीं घड्याळ-पेन असल्या नेहमींच्या वस्तु न देतां काचेचा एक गोल हंडा, त्यांत मूठभर रंगीत खडे आणि तीन सोनेरी मासे असा आहेर बटूपुढें आणून ठेवला. मांडवांत हशा पिकला. चाळीस वर्षें ज्यांचा आमच्या स्वयंपाकघरावर अंमल आहे त्या आमच्या वडील वहिनींनीं हंड्यांत डोकावून, "भावजी, हे नुसते पाहावयाचेच ना?" एवढें विचारून घेतलें आणि त्या पुढील पंक्तीच्या तयारीस लागल्या.

आम्हांस त्या रात्रीं शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आठवली. हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक लहानसा मासा आला व त्यानें रक्षणाची याचना केली. आधीं मला घटांत ठेव. घट पुरेनासा झाला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव. तोही पुरेनासा झाला म्हणजे समुद्रांत नेऊन सोड, असें त्याचें सांगणें. ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. परंतु पात्र वाढवीत गेलें पाहिजे ही त्यांतील व्यवहाराची सूचना आमच्या ध्यानांत कधीं आली नाहीं. मनूचा मासा बोलका होता. आमचे तिन्ही मुके.

हंड्यांत पाणी मावे पांच लिटर. चौथ्या दिवशीं तें गढूळ झालें. आमच्या घरांत गढूळपणा कोणास खपत नाहीं, म्हणून आम्हीं स्वतः मासे तांब्यांत काढले, हंडा कढत पाण्यानें धुतला, खडे काथ्यानें घासले आणि नळाचें ताजें पाणी भरून मासे पुन्हां आंत सोडले. हें स्वच्छतेचें व्रत दर तीन दिवसांनीं चालूं झालें. दहाव्या दिवशीं एक मासा पाण्याच्या पृष्ठाशीं येऊन तोंडाचा आ वासूं लागला. मुलें म्हणालीं, तो बोलतो आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पालथा तरंगत होता. आम्ही घाईनें बाजारांत गेलों. दुकानदारानें मासा न पाहतां, पाण्याविषयीं एक अक्षर न विचारतां, निळ्या औषधाची बाटली हातावर ठेवली. तें निळें पाणी तीन दिवस राहिलें, आणि चौथ्या दिवशीं दुसरा मासाही गेला.

आमच्या धाकट्या सूनबाई महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात. त्या माहेराहून परतल्या त्या दिवशीं त्यांनीं पाण्याची परीक्षा करण्याची एक छोटी पेटी आणविली. नळींत पाणी घेऊन थेंब टाकले तों तें गर्द हिरवें झालें. "मामंजी, यांत लिटरास चार मिलिग्रॅम अमोनिया आहे. हा आंकडा शून्य असावयास हवा," त्या म्हणाल्या. आम्हीं म्हटलें, पाणी तर आरशासारखें दिसतें! त्या हंसल्या, परंतु मामंजींस हंसल्या असें दिसूं नये म्हणून लगेच पेटी आवरूं लागल्या.

त्यांनीं समजाविलें तें असें. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अहोरात्र अमोनिया बाहेर टाकतो; उरलेलें अन्न व विष्ठा कुजून त्यांत भर पडते. नदींत तो वाहून जातो, हंड्यांत सांठतो. उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे त्याचा विषारीपणा वाढतो, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायूही कमी विरघळतो. हें विष कांहीं सूक्ष्म जंतु खातात व त्याचें नायट्राइट करतात. तेंही विषारीच, त्यानें माशाचें रक्त तपकिरी होऊन प्राणवायु वाहून नेईनासें होतें. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, व तें बऱ्याच प्रमाणांत सोसतें. हे उपकारी जंतु खड्यांवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजावर घर करून राहतात, आणि त्यांची वसति पुरती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती दर तीन दिवसांनीं कढत पाण्यानें धुऊन काढीत होतों. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आणि तें निळें औषध यांनीं उरलेसुरलेही मारले असावेत. म्हणजे दुखणें माशांस नव्हतें, पाण्यास होतें. आणि औषध पाजलें तें माशांस!

पाश्चात्त्यांसही हें एकदम उमगलें नाहीं. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें दोन सोनेरी मासे, पाण्यांत वाढणारी व्हॅलिस्नेरिया ही वनस्पति आणि कुजकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई यांचें एकत्र बिऱ्हाड काचेच्या पात्रांत थाटून तो प्रयोग १८५० सालीं प्रसिद्ध केला. घरोघर मत्स्यपात्रें ठेवण्याची आवड त्यानंतर पसरली. पण नायट्रेट तयार करणारे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें वेगळे करून दाखविले ते १८९० च्या सुमारास. मधल्या चाळीस वर्षांत आमच्यासारख्या किती स्वच्छताप्रिय गृहस्थांनीं किती मासे मारले असतील कोण जाणे!

रात्रीं पानांवर बसलों असतां सूनबाईंनीं सहज विचारलें, "माशांना खाऊ कोण कोण घालतें?" थोरले चिरंजीव म्हणाले, रात्रीं कामावरून आलों कीं चिमूटभर मी टाकतों. नात शाळेंतून आल्यावर टाकीत असे. आम्ही संध्या आटोपल्यावर टाकीत होतों, कारण इतरांस वेळ नसेल अशी आमची समजूत. वहिनी नैवेद्याच्या भाताचीं चार शितें रोज दुपारीं सोडीत. सारें मिळून पांच वेळां जेवण, आणि पोट मटारच्या दाण्याएवढें! सगळे हंसूं लागले, तों बटूनें हातांतला घांस खालीं ठेवला आणि रडवेल्या सुरांत म्हणाला, "आजोबा, मीं त्यांना रोज बिस्कीट घातलें. मीच मारले ते." दोन आठवडे तें पोर हें मनांत घेऊन वावरत होतें, आणि आम्हांस वाटे कीं मासे गेल्यामुळें तें गप्प आहे. आम्हीं त्यास जवळ घेऊन सांगितलें कीं बिस्किटानें पाणी बिघडतें हें खरें, पण खडे घासणारा तुझा आजोबा होता, आणि त्यास कोणी विचारलें नव्हतें. मोठ्या माणसांच्या चुका मुलें आपल्या शिरावर घेतात, हें मास्तरकींत अनेकदां पाहूनही स्वतःच्या घरांत दिसलें नाहीं.

उरलेल्या एका माशासाठीं साठ लिटरांची चौकोनी पेटी, हवेचा पंप व स्पंजाची गाळणी आणली. सोनेरी मासा हंड्यांत शोभतो ही समजूत चुकीची आहे. साध्या जातीचा मासा हातभर जरी नव्हे तरी वीतभर सहज वाढतो व दहा-पंधरा वर्षें जगतो. इंग्लंडांत १९५६ सालीं जत्रेंत बक्षीस मिळालेला एक सोनेरी मासा १९९९ सालीं मेला, म्हणजे त्रेचाळीस वर्षें जगला. असो. आमच्या पेटींतील पाणी महिनाभर रोज तिसरा हिस्सा बदलीत होतों. तेंही आदल्या दिवशीं बादलींत भरून ठेवलेलें, किंवा घाई असल्यास हायपोचे, म्हणजे पूर्वीं छायाचित्रकार वापरीत त्याच द्रव्याचे, थेंब घातलेलें. स्पंज धुवावयाचा तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच. आधीं अमोनिया उतरला, मग नायट्राइट चढलें, तेंही उतरलें. आषाढ लागेपर्यंत दोन्ही आंकडे शून्यावर आले.

पुढें पौषांत मामांनीं प्रेमानें आणखी दोन मासे आणले आणि आम्हीं ते त्याच संध्याकाळीं पेटींत सोडले. बाहेरून आलेल्यास हातपाय धुतल्याशिवाय माजघरांत न घेणारें आमचें घर. पण नवे मासे तीन-चार आठवडे निराळ्या पात्रांत ठेवावे, हें सोंवळें आम्हांस सुचलें नाहीं. आठवड्याच्या आंत तिघांच्याही अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले व ते खड्यांशीं अंग घासूं लागले. या रोगाच्या जीवाचें शास्त्रीय नांव इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस, म्हणजे ग्रीक-लॅटिनांत 'बहुपुत्र मत्स्ययूका'. नांव ठेवणाऱ्यानें तें विचारपूर्वक ठेवलें आहे. सूनबाईंच्या सांगण्यावरून पाणी दिवसाला दोन अंश असें चढवीत अठ्ठावीस अंशांवर नेलें, लिटरास दोन ग्रॅम साधें मीठ थोडथोडें विरघळविलें, व पंप जोरांत ठेवला. पांचव्या दिवशीं ठिपके नाहींसे झाले. मुलांनीं टाळ्या पिटल्या. सूनबाई त्या दिवशीं परीक्षेच्या कामास गेल्या होत्या. रोग बरा झाल्यावर औषध कशास, असें म्हणून आम्हीं पाणी बदलून मीठ काढून टाकलें आणि उष्णक बंद केला.

तीन दिवसांनीं ठिपके आले ते पूर्वींच्या दुप्पट. त्याचें कारण ऐकण्याजोगें आहे. हा जीव माशाच्या त्वचेखालीं असतो तोंवर त्यास औषध पोंचतच नाहीं. पोट भरलें म्हणजे तो गळून तळाशीं पडतो, स्वतःभोंवतीं कवच करतो, आणि त्या कवचांत एकाचे शेंकडों होतात. ते फुटून पोहूं लागले म्हणजे एक-दोन दिवसांत त्यांस मासा मिळाला पाहिजे, नाहीं तर ते मरतात. औषधाचा मारा लागतो तो याच एका अवस्थेंत. ऊब द्यावयाची ती याचसाठीं, कीं थंड पाण्यांत महिनाभर चालणारें हें चक्र उबदार पाण्यांत आठवड्याच्या आंत फिरतें. म्हणजे आम्हीं टाळ्या ऐकून औषध थांबविलें तेव्हां शत्रु तळाशीं पिलावळ वाढवीत होता. पुन्हां मीठ, पुन्हां ऊब, एक दिवसाआड नळीनें तळ शोषून काढणें. आणि या खेपेस शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठ दिवस. नव्यांपैकीं एक मासा वांचला नाहीं. मुंजींतला जुना, ज्याचें नांव बटूनें मनु ठेवलें आहे, तो शेपटीस एक चीर पडून वांचला.

आतां पेटीशेजारीं आमच्या हातचा एक हजेरीपट टांगला आहे. वारांचे रकाने, दिवसांतून दोनच वेळां खाऊ, दोन मिनिटांत संपेल एवढाच, आणि घालणाऱ्यानें सही करावी. गेल्या अंगारकीस वहिनींच्या नांवापुढें दोन सह्या आढळल्या. विचारलें तर म्हणाल्या, "भावजी, एक चंद्रोदयापूर्वींची आणि एक नंतरची. घरांत सगळ्यांनीं उपास सोडला, त्यानें एकट्यानें कां राहावें?"