बिडाच्या टेबलाला मेण

वर्धा जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडला की शेतकऱ्याला आनंद होतो, पण सुतारकामाच्या शेडमध्ये त्याच आठवड्यात गंज शिरतो. टिनाच्या छपराखाली रंधा मशीन असते, शेजारी सर्कल आरा. दोघांचेही टेबल बहुधा बिडाचे. बीड रात्री थंड होते. सकाळी दमट हवा आत आली की थंड पाण्याच्या गिलासाला बाहेरून ओल सुटते, तशीच या टेबलाला सुटते. त्यावर ओल्या लाकडाचा भुसा रात्रभर पडून असेल, तर तांबूस डाग पडलाच समजा. घामाचा हात टेकला तर पंजाचा ठसाही उठतो, कारण घामात मीठ असते.

कर्ज काढून घेतलेले मशीन गंजले म्हणून हप्ता थांबत नाही, हे खरेच. पण त्याहून मोठा प्रश्न बोटांचा आहे. गंजलेल्या टेबलावर लाकूड अडखळते. कारागीर अंगाचा जोर लावून ते ढकलतो. लाकूड एकदम सुटले की हात पुढे जातो, आणि पुढे पाते फिरत असते.

कित्येक जण टेबलाला तेल किंवा ग्रीस फासतात. मशीन महिनाभर बंद ठेवायचे असेल तर ते ठीक. रोजच्या कामात मात्र तेलाला भुसा चिकटतो आणि लाकडाला डाग पडतो. डागावर पॉलिश धरत नाही, मग गिऱ्हाईक दार परत आणते. मेणाचे तसे नाही. बीड डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यात बारीक खळगे असतात. मेण त्यात बसते, पाण्याला अडवते आणि वरून कोरडे राहते. करवत अडकू लागली की पात्याला मेणबत्तीचा तुकडा घासणारे सुतार आपण पाहिलेच आहेत. विद्या तीच आहे, फक्त मशीनपर्यंत आणायची.

आधी मेन स्विच बंद करा. नुसते बटण बंद करून भागत नाही. भुसा झाडून टेबल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. एकाच जागी घासत बसलात तर तिथे खळगा पडेल. टेबल पूर्ण कोरडे झाले की मेणाचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने चांगले चोळून काढा. मेणाचा थर दिसता कामा नये. जास्तीचे मेण लाकडाला लागले तर तेथेही पॉलिश धरणार नाही.

तयार मेण-पॉलिश महाग वाटत असेल तर एक भाग मधमाशीचे किंवा मेणबत्तीचे मेण आणि तीन भाग टर्पेंटाइन घ्या. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून मेण वितळवा, विस्तव विझवून डबा दूर न्या आणि मगच टर्पेंटाइन ओता. टर्पेंटाइनची वाफ चटकन पेट घेते. हे काम घरातल्या गॅसवर, लेकरांच्या जवळ कधीही करू नये. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. मोटारगाडी चमकवायचे पॉलिशही नको. त्यात बहुधा सिलिकॉन असते, त्याने लाकडाच्या पॉलिशमध्ये बारीक गोल खड्डे पडतात.

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, एरवी महिन्या-दोन महिन्यांनी हात दिला तरी पुरते. लाकूड पुन्हा जड जाऊ लागले की मेण उतरले असे समजावे. पट्ट्याला, बँडसॉच्या चाकांना किंवा लाकूड ओढणाऱ्या रुळांना मात्र मेण लावू नका. तिथे पकड हवी असते, घसरण नको.

बाभळीचे ओले लाकूड रात्री टेबलावर ठेवू नये. त्यातला तुरट रस लोखंडाला लागला की काळा डाग पडतो. आणि टेबल झाकायचे असेल तर प्लॅस्टिकने नव्हे, जाड सुती चादरीने झाका, प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.