नाचो म्हणजे कोण?

चित्रपटगृहात मध्यंतर झाले की मक्याच्या कुरकुरीत त्रिकोणी कापांवर पिवळे पातळ चीज ओतलेला जो पदार्थ मुले मागतात, त्याचे नाव ‘नाचो’. इंदूर-ग्वाल्हेरकडील आजीबाईंना हे नाव ऐकून ही नृत्याची आज्ञाच वाटावी! वस्तुतः ते एका गृहस्थाचे घरगुती नाव आहे. आपल्याकडे दत्तात्रयाचा जसा दत्तू होतो, तसा स्पॅनिश भाषकांच्या घरात इग्नासिओचा नाचो होतो.

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी पिएद्रास नेग्रास हे गाव आहे. पैलतीरावर अमेरिकेतील टेक्सस राज्याचे ईगल पास. देश दोन, परंतु पुलावरून बाजारहाटासाठी, जेवणाखाण्यासाठी ये-जा चालावयाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (बहुतेक वृत्तांतांत १९४३ हे वर्ष दिलेले आढळते) पलीकडच्या काही अमेरिकन स्त्रिया येथील ‘व्हिक्टरी क्लब’ या उपाहारगृहात आल्या. आचारी जागेवर नव्हता. पाहुण्यांची व्यवस्था पाहणारे इग्नासिओ अनाया स्वतःच स्वयंपाकघरात शिरले. मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे, चीज आणि लोणच्यात मुरलेली हालापेन्यो मिरची एवढेच हाताशी होते. तुकड्यांवर किसलेले चीज घालून त्यांनी ते भट्टीत वितळविले, वर मिरचीच्या चकत्या ठेवल्या आणि बशी पुढे केली. पदार्थाला नाव पडले ‘नाचोची खासियत’. पुढे ‘खासियत’ गळाली. ‘नाचो’ तेवढे उरले.

त्या बशीत मोठा इतिहास होता. मका आणि मिरची मेक्सिकोच्या मातीतील. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटण्याची तेथील रीत हजारो वर्षांची. तिच्यामुळे पीठ एकजीव होते आणि मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व अंगी लागते. गायी आणि त्यांच्या दुधाचे चीज मात्र सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तेथे गेले. त्याच शतकात पोर्तुगीज गलबतांतून अमेरिका खंडातील मिरची आमच्या गोमंतकात उतरली. ज्या तिखटाच्या डब्याला आपण वाडवडिलांचा ठेवा मानतो, त्याचे कूळही तिकडचेच!

१९५४ साली ईगल पासच्या एका चर्चने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात नाचोची कृती छापली गेली. अनाया १९७५ साली वारले. दुसऱ्याच वर्षी टेक्ससमधील आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर फ्रँक लिबर्टो या व्यापाऱ्याने नाचो विकावयास काढले. सामना पाहणाऱ्याला चीज वितळेपर्यंत थांबण्यास सवड कोठली? म्हणून त्याने सदैव पातळ राहणारे चीजचे सार कापांवर ओतून दिले. चित्रपटगृहात आपणांस मिळते ते याच दुसऱ्या अवताराचे वंशज. पदार्थावर अनायांचा हक्क कधी नोंदला गेला नाही. धंदा इतरांनी केला.

मूळ प्रकार घरी करून पाहण्याजोगा आहे. आपल्याकडील मक्याच्या पिठाला चुन्याचा संस्कार नसल्याने पोळी तुटते; म्हणून त्यात थोडी कणीक मिसळावी. पातळ पोळ्या किंचित भाजून, त्रिकोण कापून तळावेत. प्रत्येक कापावर स्वतंत्रपणे किसलेले चीज आणि व्हिनेगरमध्ये मुरविलेल्या मिरचीची एक चकती ठेवून, चीज वितळताच वाढावे. ढीग करू नये. खालचे काप मऊ पडतात.

हा पदार्थ मेक्सिकोचा की अमेरिकेचा, असा वाद काही जण घालतात. आम्हांस वाटते, तो सीमेचा आहे; आणि सीमेवर, परमुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे कळण्यास अवघड नाही. इंदूरच्या पोह्यांवर शेव पडते, शेजारी जिलेबी येते. वडोदऱ्यात उसळीची सेव-उसळ झाली. पुण्याचे पाहुणे विचारतात, “हे खरे पोहे का?” खरेच आहेत, फक्त ते आमच्या गावी राहून आमच्यासारखेच दोन घरचे झाले आहेत.

आम्हांस खंत वेगळीच वाटते. अनायांना पैसा मिळाला नाही, तरी त्यांचे नाव जगाच्या तोंडी राहिले. आपल्या घरांत मात्र नव्या मुलखातील भाजीपाला, नवे पाणी आणि नवे शेजारी सांभाळून ज्या आज्या-पणज्यांनी पदार्थ घडविले, त्यांची नावे कोठे आहेत? कृती उरते, करणारी विसरली जाते. वाचक भगिनींनी पाककृतींची वही काढावी आणि प्रत्येक कृतीखाली ती कोणाच्या हातची, कोणत्या गावची, एवढे एका ओळीत लिहावे. सांगणारी वडील माणसे घरात आहेत, तोवरच ही ओळ लिहिता येईल.