न जन्मलेल्या पिस्तुलाची कुंडली

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर गप्पा आल्याच, आणि गप्पांत एखादा सर्वज्ञ गृहस्थ हटकून निघतो. "ग्लॉक सात नावाचे एक दुर्मीळ पिस्तूल आहे. चिनी मातीचे असते, जर्मनीत बनते आणि विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राला मुळीच दिसत नाही!" चकली मोडता मोडता तो सांगतो, आणि पुढच्या आठवड्यात विमानाने जाणाऱ्या मावशींचा घास घशातच अडकतो.

ही कंडी पिकली 'डाय हार्ड २' या १९९० सालच्या अमेरिकी चित्रपटात. त्यातला पोलीस नायक एका दमात चार गोष्टी सांगतो आणि चारही खोट्या! 'ग्लॉक सात' कधी निघालेच नाही. या कारखान्याचे पहिले पिस्तूलच मुळी 'ग्लॉक सतरा'. ते जर्मनीचे नव्हे, ऑस्ट्रियाचे. १९८२ साली तिथल्या लष्कराने ते स्वीकारले आणि पुढे देशोदेशीच्या पोलिसांच्या कमरेला ते आले. त्यात चिनी मातीचा कणही नाही. मुठीचा सांगाडा तेवढा प्लॅस्टिकचा. नळी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारा भाग पोलादी. वजनाच्या पाच हिश्श्यांपैकी सुमारे चार पोलादाचेच. ते यंत्राला दिसणार नाही तर काय?

पण चित्रपटवाल्यांनी हे शून्यातून काढले नव्हते. १९८६ पासूनच अमेरिकेत 'प्लॅस्टिकच्या पिस्तुला'ची हाकाटी चालू होती. न्यूयॉर्कमध्ये ग्लॉकला बंदी होती. १९८८ साली खुद्द पोलीस आयुक्तच ते बाळगतात असे उघडकीस आले आणि बंदी उठली! त्याच वर्षी यंत्राला न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध तिथे कायदा झाला. ग्लॉकला त्याची झळ लागली नाही, कारण पोलाद त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते.

हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. २०१३ साली अमेरिकेत त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर जवळजवळ सबंध प्लॅस्टिकचे पिस्तूल खरोखरच तयार झाले. म्हणजे ज्याची भीती वाटायला हवी ते निराळेच होते, आणि आपण वर्षानुवर्षे भलत्यालाच भीत बसलो! लांडग्याची खोटी आरोळी वारंवार कानी पडली की खऱ्या लांडग्याच्या वेळी गाव कूस बदलून झोपते. अफवेचा खरा तोटा हाच. तेव्हा असले काही कानावर आले की घाबरण्याआधी एवढेच विचारावे : "आपण हे पाहिलेत कुठे?" उत्तर बहुधा चित्रपटगृहाचे येईल.