मामूंच्या दुकानातली वही



गेल्या महिन्यात मी दोन दिवस मुळशीला मामूंकडे गेले होते. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत पौडकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. त्या रस्त्यावरच्या एका गावात मामूंचे किराणा दुकान आहे. नानांनी ते मांडले तेव्हा तिथे एक फळी, दोन डबे आणि तागडी एवढेच होते. मामूंची नजर आता कमी झाली आहे. म्हणून त्यांनी मला उधारीची वही तपासून बेरीज करायला बसवले.

वही जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारे भाडेकरू, वीटभट्टीवरची बिऱ्हाडे, दोन शिक्षक, मशिदीचे मुअज्जिन, गावातले जुने शेतकरी, सगळ्यांची खाती त्यात होती. पाने उलटताना एका पानावर माझे बोट थांबले. तिथे आमच्याच घराचे नाव होते. पानाच्या तळाशी आकडा होता १,८६० रुपये आणि तारीख होती आठ महिन्यांपूर्वीची. ईदला आलो होतो तेव्हा शेवया, खोबरे, खारीक, चारोळी आणि तूप नेले होते. "नंतर देते" म्हणाले होते आणि विसरून गेले होते.

मामू हसून म्हणाले, "देख, तुमारा बी नाव हाय इसमें."

ते हसले, पण मला हसता आले नाही. कारण त्याच महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात मी ढकलगाडी भरून सामान घेतले होते आणि सहा हजारांचे बिल कार्ड फिरवून जागच्या जागी चुकते केले होते. तिथे उधारी मागायचा विचारही मनात आला नाही. रोख पैसे परक्याला आणि उधारी आपल्या माणसाला, असा माझा हिशेब झाला होता. आज त्याच हिशेबाविषयी बोलू.

दुकानाचे गणित

मामूंच्या दुकानात महिन्याला साधारण दीड लाखाचा माल विकला जातो. त्यावर सरासरी दहा टक्के सुटतात, म्हणजे पंधरा हजार. त्यातून वीजबिल, पिशव्या, मार्केट यार्डातून माल आणायचे टेम्पोभाडे, उंदराने कुरतडलेले आणि मुदत संपलेले वजा केले की हातात दहा हजार राहतात. वहीची बेरीज झाली ती ऐंशी हजारांची. म्हणजे मामूंची आठ महिन्यांची कमाई लोकांच्या घरात अडकली आहे. घाऊक व्यापारी मात्र त्यांना पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही.

आम्ही म्हणतो, "छोट्या दुकानात माल महाग मिळतो." कधी कधी मिळतोही. पण त्या दोन-चार रुपयांत काय काय असते? महिनाभर थांबण्याची किंमत असते. पाव किलो साखर, पाच रुपयांची चहापत्ती सुटी देण्याची मेहनत असते. रात्री दहाला दार वाजवले तर उठून मुलाच्या तापाची गोळी देण्याची सोय असते. मोठ्या दुकानात हे काहीच नसते, म्हणून तिथला भाव कमी ठेवणे जमते. शिवाय ते माल ट्रकने घेतात आणि मामू गोणीने.

अभ्यासक काय सांगतात

आपल्या पुण्यात किरकोळ व्यापाराचा अभ्यास जुना आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली आणि तीनच वर्षांत, १९३३ मध्ये, धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. बागेतले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत किती हातांतून जाते, हे त्यांनी मांडले. आपल्या बागवान मंडळींच्या धंद्याकडे अर्थशास्त्राने इतक्या आधी पाहिले होते, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

अलीकडची मोठी पाहणी दिल्लीच्या 'इक्रिअर' या संस्थेची, २००८ सालची. देशातल्या दहा शहरांत दोन हजारांहून अधिक छोट्या दुकानदारांना तिने गाठले. मोठी साखळी दुकाने शेजारी आली की पहिल्या एक-दोन वर्षांत छोट्यांची विक्री आणि नफा दोन्ही घटतात; पुढे हा फटका हळूहळू कमी होत जातो, असे तिला आढळले. वर्षाला शंभरातली साधारण चार दुकाने बंद पडतात, पण मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी दोनांहूनही कमी, १.७ टक्के. मोठ्या दुकानांमुळे कमी उत्पन्नाच्या गिऱ्हाइकांची बचत होते, हेही त्याच अहवालात आहे. तेव्हा मोठे दुकान म्हणजे शत्रू, असे म्हणण्यात अर्थ नाही. मामूंच्या शेजारची एक मुलगी अशाच दुकानात काउंटरवर बसते. तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, रविवारी नाही पण आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते. तिच्या घरात पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी आली.

त्या अहवालातला मला सर्वांत जास्त लागलेला आकडा वेगळाच आहे. छोट्या दुकानदारांपैकी फक्त १२ टक्क्यांना बँकेसारख्या संस्थांचे कर्ज मिळत होते. म्हणजे जो सगळ्या गल्लीला उधार देतो, त्याला स्वतःला उधार द्यायला कोणी तयार नाही.

हा प्रश्न आपल्या समाजाला जास्त जवळचा आहे. अत्तार, तांबोळी, मण्यार, बागवान ही आपली आडनावेच दुकानाची आणि हातगाडीची आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आले होते की, देशात कामकरी पुरुषांपैकी आठ टक्क्यांहून कमी रस्त्यावर विक्री करतात, तर मुस्लिम पुरुषांत हे प्रमाण बारा टक्क्यांच्या वर आहे. किरकोळ व्यापाराला सर्दी झाली तर आपल्या घरांना ताप येतो, तो यामुळे.

मुळशी बदलली, गिऱ्हाईकही बदलले

नानांच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे भातशेती करणारा मावळा. आंबेमोहोर झोडून झाला की तो वर्षाची उधारी फेडायचा, कधी पैशाने तर कधी पायलीने मोजून तांदळाने. आज हिंजवडी आणि माणला संगणकाच्या कंपन्या आहेत, लवळ्याला विद्यापीठे आहेत, भूगावपर्यंत इमारती आल्या आहेत. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे तर २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. इमारतीतले नवे गिऱ्हाईक मोबाइलवर बोट ठेवते आणि सामान दारात येते. मामूंकडे राहिला तो रोजंदारीवाला, भाडेकरू, म्हातारा शेतकरी. ज्याच्याकडे रोख आहे तो गेला आणि ज्याला उधारी लागते तो राहिला. म्हणून गल्ल्यातली रोकड कमी आणि वही जाड होत चालली आहे. हे दुखणे स्वस्ताईपेक्षा मोठे आहे. कारण मामूंचे दुकान बंद झाले तर माझे काही अडणार नाही. अडेल ते वीटभट्टीवरच्या बाईचे. मोठ्या दुकानात तिला पाव किलो तेल आठवड्याच्या बोलीवर कोण देणार?

वहीचा दुसरा चेहरा

मात्र उधारीच्या वहीचे नुसते गोडवे गाणेही बरोबर नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी दुकानदार-सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जाचे कागद जाळले. आसपासच्या गावांत ते लोण पसरले. माणसांवर हात फारसा पडला नाही. राग होता तो कागदांवर. न वाचता येणाऱ्या कुळाचा अंगठा घ्यायचा आणि आकडा आपल्या मर्जीने वाढवायचा, हा तेव्हाचा रिवाज होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

वही एकच, पण ती गळफास होईल की आधार, हे लिहिणाऱ्याच्या नियतीवर आणि हिशेब उघडा असण्यावर ठरते. म्हणूनच कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा करार नीट लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि वजनमापात मारणाऱ्यांची कानउघाडणी करणारी एक स्वतंत्र सूरहही आहे. दुकानदाराची जबाबदारी तिथे जशी सांगितली आहे, तशी देणेकऱ्याचीही.

आपल्याला काय करता येईल

पहिली गोष्ट, पुढच्या वेळी मोठ्या दुकानात जाण्याआधी गल्लीतल्या दुकानाचे जुने देणे फेडा. ज्याला खरोखर अडचण आहे त्याने सवलत मागावी, त्यात लाज नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने मात्र उधारी ठेवू नये. आपण अडवलेल्या पैशातूनच दुसऱ्या गरजूला उधार मिळणार असते.

दुसरी, घरखर्च खरा मोजा. महिन्याचे तांदूळ, तेल, साबण मोठ्या दुकानात स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या. पण जाण्या-येण्याचे पेट्रोल आणि 'एकावर एक फुकट' म्हणून उचललेल्या वस्तू त्याच बिलात धरा. मी तीन महिने असे मोजले. वाचले किती म्हणाल, तर जवळपास काहीच नाही.

तिसरी, आपल्यातल्या दुकानदार भावांसाठी. गिऱ्हाइकाला खात्याची वेगळी चिठ्ठी द्या, प्रत्येक नोंद त्याच्यासमोर करा. उधारीला मर्यादा घाला आणि ती सर्वांना सारखी ठेवा, मग ते भाचीचे घर का असेना! चार-पाच दुकानदार मिळून मार्केट यार्डच्या भुसार विभागातून एकत्र माल उचला, भाव आणि भाडे दोन्ही कमी पडेल. बँकेचे व्याज ज्यांना खटकते, त्यांनी बिनव्याजी भिशी लावावी. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. शहरात विकणाऱ्यांनी आपले सर्वेक्षण आणि विक्रीचे प्रमाणपत्र यांचा पाठपुरावा करावा. कागद हातात नसला की गाडी उचलली जाते.

निघताना मी मामूंपुढे दोन हजारांच्या नोटा ठेवल्या. ते नको म्हणाले. घरातल्या माणसाकडून काय घ्यायचे, म्हणाले. मामी आतून म्हणाल्या, "घ्या हो. घरचेच लोक असे म्हणत राहिले, म्हणून तर आठ महिने गेले." मामूंनी पैसे घेतले, उरलेले एकशे चाळीस मोजून परत केले आणि चष्मा लावून आमच्या पानावर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली.

तुमच्याही नावाचे एखादे पान कुठल्या तरी वहीत असेल. येत्या जुम्म्याआधी ते एकदा पाहून या. आणि काय अनुभव आला ते मला जरूर कळवा.

अल्लाह हाफिज.