कानस घेताना दात पाहावे

तंजावर म्हटले की मराठी माणसाला आठवतात ते व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महालातले ग्रंथभांडार. 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. पण तंजावरची आणखी एक ओळख आहे, ती लाकडातल्या गोलाईची. 24 पडद्यांची वीणा तिथे सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या काळी रूढ झाली, असे मानतात. 2013 मध्ये या वीणेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही वीणा फणसाच्या जुन्या, मुरलेल्या लाकडाची करतात. 'एकांड' वीणेत कुडम म्हणजे वीणेचा भोपळा आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरून काढतात. तिथे हात चुकला तर जोड देऊन भागत नाही. खुर्चीचा हात किंवा पाळण्याचा खूर घडवणाऱ्यालाही हेच लागू आहे. एकदा निघालेले लाकूड परत चिकटत नाही.

गोलाईच्या कामात पटाशी आणि काचकागद यांच्या मधली जागा लाकडाच्या कानशीची, म्हणजे रास्पची. लोखंडाच्या कानशीवर सलग आडव्या रेघा असतात, रास्पवर सुटे उभे दात. हे दात यंत्राने किंवा हाताने पाडतात. यंत्राचे दात बहुधा नेमक्या ओळीत बसतात. एकामागचा दात त्याच चरात फिरतो आणि लाकडावर खोल ओरखडे उठतात. हाताने टोचणी व हातोडी घेऊन कारागीर एकेक दात उठवतो. त्यामुळे ओळ किंचित वाकडी राहते आणि पुढच्या दाताला मागच्याने सोडलेली जागा सापडते. पृष्ठभाग गुळगुळीत येतो, काचकागदाचे काम निम्मे हलके होते. या मेहनतीमुळेच हाताची कानस महाग पडते.

विकत घेताना काही गोष्टी पाहाव्या. कानस उजेडात तिरकी धरावी. दात टोकदार आणि काठापर्यंत आलेले असावेत. हाताच्या कानशीत डाव्या व उजव्या हाताच्या अशा दोन जाती मिळतात, आपला हात सांगून घ्यावी. दातांचा नंबर फ्रान्सच्या कारागिरांच्या पद्धतीत 1 पासून 15 पर्यंत असतो. अंक जितका मोठा, तितके दात बारीक. पहिल्यांदा घेणाऱ्याने एक बाजू सपाट व दुसरी अर्धगोल असलेली, मधल्या नंबरची, म्हणजे 9 किंवा 10 ची घ्यावी. दुसरी घेताना आकार झपाट्याने काढायला 5 किंवा 6 ची निवडावी. शक्य असेल तर टाकाऊ फळीवर चार घाव मारून पाहावे. लाकूड कचकन फाटू नये, बारीक भुगा पडावा.

वापरतानाही काळजी हवी. लाकूड घट्ट आवळावे, कानस दोन्ही हातांनी रेषांना तिरकी धरून पुढे ढकलावी आणि मागे घेताना उचलावी. मागे ओढली की दात बोथट होतात. लोखंडी खिळ्यावर ती एकदाच लागली तरी दात मोडतात. काम झाल्यावर ब्रशने भुगा झाडून कानस कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी. दुसऱ्या हत्यारांवर आपटली तर महागाचे दात वाया जातात.

घरी सुतार बोलावला असेल तर गोल कामासाठी तो कोणती कानस आणतो, हे आधी पाहून घ्यावे. चांगल्या लाकडाचे पैसे तर आपणच मोजलेले असतात.