विद्यार्थी सवलतीचे ‘ऑफिस’ घेण्याआधी



बारावीचा निकाल लागला की सेलूत लॅपटॉपची खरेदी सुरू होते आणि ‘ऑफिस कोणतं टाकू?’ हा दुकानदाराचा प्रश्नही येतो. विद्यार्थी सवलत म्हटली की पालक किंमत बघून होकार देतात. माझ्या मते किंमत शेवटी बघावी. नेट नसताना ते चालते का, शिक्षण संपल्यावर हाती काय राहते आणि त्यावर चार पैसे कमावता येतात का, हे आधी विचारावे.

महाविद्यालयाने नोंदणी केली असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ‘ए-१’ योजना विद्यार्थ्याला फुकट मिळते. पण त्यात वर्ड, एक्सेल ब्राउझरमध्येच चालतात. खेड्यावरच्या घरी रेंज गेली की काम अडले. शिवाय खाते महाविद्यालयाच्या ताब्यात. ते बंद झाले आणि फाइली आधी उतरवून घेतल्या नसतील, तर प्रोजेक्टही गेला. सवलतीच्या वार्षिक वर्गणीचा प्रकार निराळा. मुदत संपली की फाइल दिसते, छापताही येते, पण त्यात एक आकडा बदलता येत नाही.

उरली एकरकमी ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती. तिचा परवाना घरगुती वापरापुरता. बी. कॉम. करणारा मुलगा संध्याकाळी मोंढ्यात आडत दुकानावर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या करून खर्च भागवत असेल, तर ते काम या परवान्यात बसत नाही. त्यातही २०१९ च्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. २०२१ च्या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. नाममात्र पैशांत मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’च्या नादी तर लागूच नये.

सुरुवातीच्या तिन्ही कसोट्यांवर लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर उतरते. ते मोफत आहे, नेटशिवाय चालते, धंद्यासाठी वापरायला बंदी नाही आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवत आहेत.

यावर आक्षेप ठरलेला: एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेला आणि नोकरीच्या जाहिरातीत वर्ड-एक्सेलच लागते, मग दुसरे शिकून काय उपयोग? आक्षेप अगदीच पोकळ नाही. एक्सेलचे मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये अडखळतात, वर्डमधल्या तक्त्यांची मांडणीही कधी हलते. परीक्षेपुरता सराव केंद्रावरच्या संगणकावर करावाच. पण बेरजेचे सूत्र, व्हीलुकअप, मेल मर्ज एकदा जमले की दोन्हीकडे हात बसतो. मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसतो, त्याचा दोष तर बहुतेकदा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटचा असतो. युनिकोडमध्ये टंकलेखन केले की ती कटकट मिटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्यातील महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच सूचना फलकावर लिहावे: ऑफिसचे मोफत खाते मिळते का, त्यात काय चालते आणि ते कधी बंद होणार. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानेही प्रोजेक्ट पीडीएफ किंवा लिब्रेऑफिसच्या ओडीटी स्वरूपात स्वीकारावेत, असे परिपत्रक काढावे. तोवर पालकांनी आधी लिब्रेऑफिस टाकून एक सत्र वापरून बघावे. अडलेच तर विकत घेण्याची वाट मोकळी आहे.

– एक पालक, सेलू (जि. परभणी)